काल रात्रीपासून की चार दिवसांपासून?

नमस्कार श्रोतेहो.

"सिस्टर, भुरग्याक जोर आयला." गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! भुरगें म्हणजे मूल, जोर म्हणजे ताप. त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कधीपासून? "काल रात्रीपासून" म्हटलं की हायसं वाटायचं. "चार दिवस झाले" असं ऐकलं की हातातलं काम टाकून मी आधी त्या मुलाची खालची पापणी ओढून बघायची. आतली कड लाल हवी. ती पांढरीफटक दिसली, तर मूल तापाबरोबर रक्तालाही उतरलंय.

आज मला बोलायचंय ते काल रात्र आणि चार दिवस यांच्या मधल्या वेळाबद्दल. मलेरियात लहान मुलं दगावतात ती याच वेळात.

मलेरियाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात, आत वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशींत घुसतात. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया असेल, तर सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेशुद्ध पडू शकतं. म्हणून २००० साली आफ्रिकी देशांचे प्रमुख नायजेरियातल्या अबुजा शहरात जमले, तेव्हा मलेरियाच्या औषधासाठी त्यांनी मुदत धरली ती ताप आल्यापासून २४ तासांची. पण दवाखाना डोंगरापलीकडे असेल, नदीला पूर असेल, बाप कामावर असेल, तर त्या २४ तासांतले किती तास मुलाच्या वाट्याला येतात?

याचं मला पटलेलं उत्तर इथिओपियातल्या टिग्राय या डोंगराळ प्रांतातलं आहे. तिथे गावातल्याच काही आयांना निवडून शिकवलं. मलेरिया कसा ओळखायचा, क्लोरोक्विन हे त्यावरचं औषध किती आणि किती दिवस द्यायचं, कोणतं मूल घरी ठेवायचं नाही. औषध त्यांच्याजवळच ठेवलं. त्यांनी मग शेजारणींना शिकवलं. काही वस्त्यांत हे काम केलं, तशाच दुसऱ्या वस्त्यांत केलं नाही आणि मग दोन्हीकडचे बालमृत्यू मोजले. जिथे आयांच्या हाती औषध होतं, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ४० टक्क्यांनी कमी भरले. औषध जुनंच होतं. फक्त ते दवाखान्याच्या कपाटातून उठून शेजारच्या घरात आलं होतं. ही आकडेवारी २००० साली प्रसिद्ध झाली, आणि मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडच्या अंगणवाडीताई उभ्या राहिल्या.

पुढे क्लोरोक्विनला फाल्सिपेरमचे जंतू दाद देईनात. त्याच्या जागी आर्टेमिसिनिन आणि जोडीला दुसरं औषध अशा जोडगोळ्या आल्या. आर्टेमिसिनिन ज्या चिनी वनस्पतीतून काढतात, ती आपल्या दवण्याची सख्खी भावंडच. ते शोधून काढणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही निघाल्या. ज्यांनी तोंड घट्ट मिटलेल्या मुलाला कडू गोळी दिली आहे, त्यांनाच या सोयीचं मोल कळेल. आणि जे मूल गिळूच शकत नाही, त्याच्यासाठी गुदद्वारातून द्यायचं, आर्टेमिसिनिनपासूनच बनवलेलं आर्टेसुनेट आहे. ते शिकलेल्या कार्यकर्त्याने द्यायचं, पण त्यानंतर मूल इस्पितळात पोचलंच पाहिजे. तो वाटेतला आधार आहे, पुरते उपचार नव्हेत.

आता आपल्या गोव्याकडे येते. आपल्याकडे मलेरियाचा डास चावतो तो बहुतेक बांधकामापाशी. एनोफिलिस स्टिफेन्सी नावाच्या या डासाला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं, आणि नव्या स्लॅबवर दिवसचे दिवस साठवलेलं पाणी, उघडी बॅरलं, टाक्या, न वापरातली विहीर हे सगळं तिथे आयतंच असतं. बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड ही गोव्याने फार चांगली सोय केली. पण कार्ड लागतं ते काम करणाऱ्याला. झोळीत निजलेल्या मुलाचा ताप त्या कार्डात दिसत नाही.

अशीच एक मुलगी, असेल तीनेक वर्षांची. पणजीजवळच्या एका साइटवर पत्र्याच्या खोपटात आईबापांबरोबर राहायची. बापाने औषधाच्या दुकानातून तापाच्या चार गोळ्या आणल्या. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. आम्ही पोचलो तो सहावा दिवस. मी तिच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब तपासणीपट्टीवर ठेवला, वर द्रावणाचे थेंब टाकले. पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. तेवढा वेळ तिची आई पट्टीकडे टक लावून बसली होती. पहिली रेघ उमटली, ती पट्टी ठीक असल्याची खूण. मग दुसरी उमटली. मलेरिया होता, व्हायवॅक्स जातीचा.

व्हायवॅक्सचं एक लक्षात ठेवा. त्याचे काही जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतात. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप जातो, पण हे दडलेले जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन आहे, तेही १४ दिवस. ते तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला देत नाहीत. काहींच्या रक्तात एका एन्झाइमची उणीव असते, त्यांनाही ते बाधतं. लघवी काळपट झाली की थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. म्हणून डोस मी रेडिओवर सांगणार नाही. तो मुलाचं वय-वजन बघून आरोग्य केंद्रातच ठरायला हवा.

मी त्या आईला दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडून दाखवली, गुळाच्या पाण्यात कालवली. मुलीचं डोकं तिच्या कोपराच्या बेचक्यात ठेवायला लावलं, आणि गालाच्या आतून थोडं थोडं सोडायला सांगितलं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तोच डोस पुन्हा. पोट रिकामं नको. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने चुलीतला कोळसा घेतला आणि खोपटाच्या प्लायवुडवर चौदा रेघा ओढल्या. रोज गोळी दिली की एक रेघ पुसायची. पंधराव्या दिवशी मी गेले तेव्हा प्लायवुड कोरं होतं.

त्यानंतर त्या साइटवर कुणाचंही मूल तापलं, की बायका आधी तिच्याकडे यायच्या आणि ती आमच्या सर्वेक्षण कामगाराला निरोप धाडायची. हे तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. टिग्रायमध्ये ज्यांना शिकवलं, त्या बायका अशाच असणार, असं मला वाटतं.

फरक एकच, तोही मोठा. तिथे त्या काळी मलेरियाच्या गावात तापाला सरळ औषध दिलं जायचं. आपल्याकडे आज तसं करू नका. ताप डेंग्यूचाही असेल, न्यूमोनियाचाही असेल. आधी रक्त तपासा. तोवर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे चालेल, ॲस्पिरिन मात्र नको. मुलाला झटके आले, ते पाणी किंवा अंगावरचं दूध घेईना, सारखी उलटी होतेय, हाक मारली तर डोळे उघडत नाही, छाती भराभर चालतेय, यातलं एक जरी दिसलं तरी तपासणीच्या निकालासाठीही थांबू नका. थेट इस्पितळ.

तुमच्या वाड्यावर कुठे नवं बांधकाम चालू असेल, तर उद्या तिकडून जाताना पत्र्याच्या खोपटांपाशी क्षणभर थांबा. तिथल्या बाईला, तिला समजेल त्या भाषेत, जवळचं आरोग्य केंद्र कुठे ते सांगा, आणि तिथे मलेरियाची तपासणी आणि औषध फुकट मिळतं हेही. रस्ता नीट समजावून सांगा, बस कुठे मिळते तेही. मूल तापलेलं असेल, तर विचारा, कधीपासून?

नमस्कार.