आठवीचे गुणोत्तर, दहावीची समरूपता

शिक्षक मंडळी, दहावीच्या भूमितीत समरूपतेचे (आकार तोच, माप लहान-मोठे) गणित चुकले की आपण समरूपतेच्या कसोट्या पुन्हा घोकून घेतो. माझे म्हणणे असे, की चूक बहुतेक वेळा त्या धड्यातली नसतेच. दोन राशींची तुलना भागाकाराने करायची तिथे मूल वजाबाकी करते, आणि ही सवय सातवी-आठवीपासून तशीच पुढे येते.

ती ओळखायला एक प्रश्न पुरतो. 1 मीटर काठीची सावली 80 सेंमी, त्याच वेळी पोफळीची (सुपारीच्या झाडाची) सावली 9.6 मीटर, पोफळ किती उंच? 'सावली 20 सेंमीने कमी, म्हणून 9.8 मीटर' असे उत्तर आले, तर आठवीतले 'चलन', म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते, डोक्यात उतरलेले नाही. बरोबर उत्तर 9.6 ÷ 0.8, म्हणजे 12 मीटर. अशा मुलाला सूत्र देऊ नका, कोष्टक करायला लावा. काठी 1, 2, 3 मीटर. सावली 80, 160, 240 सेंमी. फरक 20, 40, 60 असा वाढत जातो, भागाकार मात्र 0.8 च राहतो, हे त्याने स्वतः वहीत मांडले पाहिजे. व्यस्त चलन, म्हणजे एक राशी दुप्पट झाली की दुसरी निम्मी होते ते, त्यानंतर. तिथे गुणाकार कायम राहतो. दोन्ही एकाच तासाला उरकली तर गोंधळ ठरलेला.

हा प्रयोग प्रत्यक्ष करा, पण पावसाळा सरल्यावर, आणि आपली झाडे ओळखून. माड घेऊ नका. किनाऱ्यालगतचा माड बरेचदा कललेला असतो; शेंड्यावरून सोडलेला ओळंबा बुंध्याशी येत नाही आणि काटकोन त्रिकोणच बिघडतो. पोफळ सरळसोट वाढते. मात्र आगराच्या दाटीत तिची सावली सापडत नाही, म्हणून कडेची निवडा, नाहीतर शाळेचा ध्वजस्तंभ आहेच. जमीन सपाट हवी, कारण उतारावर सावली लांबते किंवा आखडते. दोन्ही सावल्या लागोपाठ मोजा. सकाळच्या उन्हात अर्ध्या तासात बराच फरक पडतो.

नववीत त्रिकोणमिती येते, समरूपतेचा सविस्तर धडा मात्र दहावीत. त्यामुळे साइन 30° (कोनासमोरची बाजू भागिले कर्ण) म्हणजे अर्धा, हे मुलांना पाठांतर वाटते. कोष्टक देण्याआधी 30° कोनाचे तीन काटकोन त्रिकोण काढून घ्या: कर्ण 6, 8 आणि 10 सेंमी. समोरची बाजू 3, 4, 5 सेंमी भरते. मिलिमीटरभर इकडेतिकडे झाले तरी चालेल. त्रिकोण बदलला तरी गुणोत्तर बदलत नाही, हे पट्टीवर दिसायला हवे.

दहावीत खरा अडखळा क्षेत्रफळांच्या प्रमेयाशी. समरूप त्रिकोणांच्या बाजूंचे गुणोत्तर 2 : 3 असले तर क्षेत्रफळांचे 4 : 9, मुले 2 : 3 च ठेवतात. उलट, क्षेत्रफळे 16 : 25 दिली की वर्गमूळ काढायचे विसरतात. अंगणाची लांबी-रुंदी दुप्पट केली तर फरशा किती लागतील, ते चौकटीच्या कागदावर मोजू द्या. 'चौपट' असे मुलांच्या तोंडून आले, की मग प्रमेयाची सिद्धता घ्या.