दिवजा सर्कल: आधी कोण?

(दृश्य: पहाट. मांडवीवर धुकं. रिकामं सर्कल.)

सकाळचे सहा. पणजीचं दिवजा सर्कल. या वेळी इथे एकच वाहन आहे, आणि त्याला इंजिन नाही.

हा पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, टोपलीत गरम पाव, हँडलला रबरी भोंपू. पों पों करत तो येतो, सर्कल उजव्या हाताला ठेवून वळसा घालतो आणि रायबंदरच्या रस्त्याला लागतो. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. उलट्या बाजूने गेला असता तर दहा-पंधरा पायडल वाचली असती. नाही गेला.

हा शॉट लक्षात ठेवा.

(दृश्य: तीच जागा, साडेनऊ.)

आता ओळखा. पर्वरीकडून पूल उतरणाऱ्या गाड्या, रायबंदरकडून येणाऱ्या गाड्या, कदंब बसस्थानकातून सुटणाऱ्या बसा आणि शहरातून बाहेर पडणारे आपण सगळे. डोक्यावरून अटल सेतू गेलाय. 2019 च्या जानेवारीत त्याचं उद्घाटन झालं, त्यामुळे ज्याला पणजीत काम नाही तो वरून निघून जातो. ज्याला काम आहे तो अजूनही इथेच उतरतो.

(दृश्य: तीन वाहनं. चित्र थांबतं.)

इथे जरा थांबू. नीट बघा.

डावीकडे बस, पूल उतरून आलेली. उजवीकडे पांढरी गाडी, काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याने घेतलेली. चालवणारा पाहुणा आहे. आणि मधोमध, सर्कलच्या आत, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल. पायलट. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, इथे पायलट विमान उडवत नाही, मागे एक गिऱ्हाईक बसवून दुचाकी चालवतो.

आता तिघांच्या मनात काय चाललंय ते बघू. बसवाल्याला वाटतंय, मी मोठ्या रस्त्यावरून येतोय, माझी गाडी मोठी, मी का थांबू? पाहुण्याला वाटतंय, मी आधी पोचलो. आणि मोबाइलमधली बाई त्याला तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडा म्हणतेय. तो एक्झिट मोजतोय, रस्ता बघत नाहीये.

आणि पायलट? त्याच्या डाव्या पायाकडे बघा. चप्पल रस्त्याला टेकलीय. तो थांबलाय. या तिघांत पुढे जायचा हक्क फक्त त्याचा होता आणि थांबलाय तोच.

(दृश्य: चित्र पुन्हा सुरू. बस निघून जाते. मागे हॉर्न.)

त्याला आम्ही नंतर गाठलं. तो हसला. म्हणाला, पात्रांव, नियम मला ठाऊक आहे, पण बसच्या पुढच्या चाकाला ठाऊक आहे का?

नियम अवघ्या एका ओळीचा आहे. जो आत आहे तो आधी. बाहेरून शिरणाऱ्याने थांबायचं, उजवीकडे बघायचं, मोकळं दिसलं की शिरायचं. 2017 साली केंद्राने वाहन चालवण्याचे नवे विनियम आणले, त्यात हे आहे. त्याआधीच्या, 1989 च्या नियमांतसुद्धा चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असं होतंच. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून सर्कलात आपण घड्याळाच्या काट्यासारखे फिरतो, आणि म्हणून आत फिरणारा हा शिरणाऱ्याच्या नेहमी उजवीकडूनच येतो. दोन्ही नियमांनी उत्तर एकच. गोंधळायला खरं तर जागाच नाही.

(दृश्य: देऊळ. दिवजांची मिरवणूक, रात्र.)

आणि आपल्याला तर हे शिकवायचीही गरज पडू नये. दिवज म्हणजे मातीचा, पाच वातींचा दिवा. तो हातात घेऊन सुवासिनी देवळाभोवती फिरतात. ही रांग कशी चाललीय बघा. देव उजव्या हाताला. मधूनच एखादी बाई रांगेत शिरते, पण फिरणाऱ्या बायकांपैकी कोणी तिच्यासाठी थबकत नाही. तीच कडेला उभी राहते, दोन दिव्यांमध्ये फट दिसली की पदर सावरून आत येते. कोणी शिट्टी वाजवत नाही. हाताशी पेटत्या वाती असताना कोण कशाला धक्काबुक्की करेल?

(दृश्य: उलट्या दिशेने येणारी स्कूटर.)

हा मात्र शंकराच्या देवळातला भक्त दिसतो. अर्धी प्रदक्षिणा, मग माघारी. सोमसूत्री.

गंमत म्हणजे हे सगळं उलटं होऊ शकलं असतं. 1928 साली पोर्तुगाल उजवीकडून गाडी चालवू लागला. गोवा त्यांच्याच ताब्यात, तरी इथली वाहनं डावीकडेच राहिली, कारण सीमेपलीकडचा सगळा मुलूख डावीकडून चालत होता. नाहीतर आज दिवजा सर्कलला अप्रदक्षिणा पडली असती.

(दृश्य: जुनं छायाचित्र, पॅरिस. मग आकृती.)

उलट्याने काय होतं ते पॅरिसमध्ये बघायला मिळतं. विजयकमानीभोवतीचं हे एत्वाल, बारा रस्ते येऊन मिळतात. फ्रान्समध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची रीत, आणि गाड्याही उजवीकडून चालतात. म्हणजे तिथे उजवीकडून येणारा कोण? बाहेरून शिरणारा. आतल्याने थांबायचं, बाहेरच्याने घुसायचं. गर्दी वाढली की आतले बाहेर पडू शकत नाहीत आणि बाहेरचे तर येतच राहतात. 1980 च्या दशकात फ्रान्सने इतर सर्कलांसाठी हा नियम फिरवला. एत्वाल अजून जुन्याच रीतीने चालतं.

इंग्रजांकडे तर बराच काळ धड नियमच नव्हता. मोठमोठी सर्कलं बांधायची आणि आतल्या-बाहेरच्यांनी आपापसात विणत जायचं, अशी कल्पना. रहदारी वाढली तशी सर्कलं कुलूप लावल्यासारखी बंद पडू लागली. चारी बाजूंनी एकेक गाडी पुढच्याच्या बाजूला नाक खुपसून उभी. मग तिथल्या रस्तेसंशोधकांनी प्रयोग सुरू केले. फ्रँक ब्लॅकमोर हे त्यातलं ठळक नाव. नोव्हेंबर 1966 मध्ये नियम आला: शिरणाऱ्याने उजवीकडच्याला वाट द्यायची. एवढंच. ना नवा पूल, ना रस्ता रुंद. त्यानंतर सर्कलं लहान करता आली, कारण आता विणायला लांबलचक जागाच लागत नव्हती. हेच ब्लॅकमोर 1972 साली स्विंडनमध्ये एका सर्कलाभोवती पाच छोटी सर्कलं मांडून बसले. त्यात आतलं चक्र उलटं फिरतं. आम्हाला स्विंडनला जायला कोणी पैसे दिले नाहीत, तेव्हा आकृतीवर भागवून घ्या.

(दृश्य: सर्कल, दुपार. पोलीस, शिट्टी.)

परत पणजी. आता या शॉटमध्ये फक्त पोलिसाचा हात बघा. पुलावर रांग वाढली, म्हणून त्याने सर्कलच्या आतल्या गाड्या थांबवल्या आणि पुलावरच्या सोडल्या. रांग हलली. पण आत थांबलेल्यांच्या मागे शहराचं तोंड बंद झालं. मग त्याने शहर सोडलं, स्थानक अडलं. उन्हात उभ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, पाठीमागून हॉर्न त्यालाच ऐकावे लागतात. पण 1966 च्या आधीचं कुलूप असं लागायचं.

(दृश्य: उलटा त्रिकोण, जवळून.)

हा तो फलक. पांढरा त्रिकोण, लाल कड, टोक खाली. वाट द्या. याच्याच जोडीला रस्त्यावर तुटक पांढरे पट्टे असायला हवेत. गोव्यात आणि सिंधुदुर्ग-कोल्हापुरात फिरताना आम्ही सर्कल दिसलं की हा त्रिकोण शोधायचो. कुठे तो आंब्याच्या फांदीत, कुठे कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमागे, कुठे नुसताच खांब. पट्टे तर बहुतेक ठिकाणी डांबराच्या नव्या थराखाली गेलेले. ज्याला आपण बेशिस्त म्हणतो त्या माणसाला कुठे थांबायचं हे कोणी दाखवलंय का?

परवाना घेताना मलाही आठाचा आकडा काढून दाखवायला लावला होता. काढला. सर्कलात शिरून दाखव, असं कोणी म्हणालं नाही. गेल्या वीस वर्षांत आठाचा आकडा काढायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. सर्कल रोज लागतं.

धडकाही होतात. बऱ्याचशा पत्र्यावर निभावतात, काही नाही निभावत.

(दृश्य: संध्याकाळ. दिवे लागलेले.)

सकाळची ती पांढरी गाडी आठवते? काळी पाटी, पिवळे आकडे. संध्याकाळी आम्ही कॅमेरा आवरत होतो आणि ती पुन्हा दिसली, या वेळी सर्कलच्या आत. मागच्या सीटवर दोन पोरं, काचेला नाक लावून. बाहेर पडायचा रस्ता हुकला. दुसरा वळसा. आता चालवणाऱ्याला डावीकडे जायचंय, तो इंडिकेटर द्यायला जातो.

(दृश्य: काच, जवळून.)

वायपर सुरू होतो. पाऊस नाही, काच कोरडी, आणि वायपर कर्र कर्र करत इकडून तिकडे. त्याच्या घरच्या गाडीत इंडिकेटरची दांडी दुसऱ्या बाजूला असणार. शहराच्या तोंडाशी उभी असलेली बस थांबते. का थांबते ते आम्हाला कळलं नाही. चालक हसत होता एवढं मात्र चित्रात आलंय.

गाडी बाहेर पडते. वायपर अजून चालूच.