चिठ्ठ्या बावन्न, डबे चार

(दृश्य: वर्ग. टेबलावर स्टीलचे चार डबे, शेजारी घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.)

या चिठ्ठ्या मोजून 52 आहेत. नर्सिंगच्या मुलींनी त्यांच्यावर आपापल्या ओळखीच्या गावांची नावं लिहिलीत, घडी घातलीय, आणि आता एकेक चिठ्ठी उचलून चार डब्यांत टाकायचीय, प्रत्येक डब्यात 13. रिसर्च मेथडॉलॉजी म्हटलं की बहुतेक ठिकाणी नोट्स पाठ करून परीक्षेत उतरवतात आणि विषय संपतो. इथे मॅडमनी अजून पुस्तक उघडलेलं नाही.

पहिल्या डब्यातल्या गावांना एचपीव्ही टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा व्हायरस आहे का ते बघायचं. दुसऱ्याला पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी काढून मायक्रोस्कोपखाली बघायच्या. तिसऱ्याला व्हिनेगरची तपासणी, तीही याच कॅन्सरसाठी. चौथ्या डब्याला यातलं काही नाही, फक्त माहिती द्यायची आणि तपासणी कुठे होते ते सांगायचं.

(दृश्य: एक मुलगी चिठ्ठी उघडून बघते.)

ही मुलगी विचारतेय, मॅडम हे माझ्या मावशीचं गाव आहे, याला पहिल्या डब्यात टाकू का? मॅडम म्हणतात, नाही. सगळा विषय या एका "नाही"त आहे. कारण गाव बघून डबा ठरवला की मग जवळची गावं, रस्त्यावरची गावं, ऐकणारी गावं एकाच डब्यात जातात, आणि शेवटी फरक दिसला तरी तो टेस्टमुळे पडला की रस्त्यामुळे हे सांगता येत नाही.

(दृश्य: बार्शीचा बाजार, भगवंत मंदिर, मग शहराबाहेरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन.)

हा खेळ नाहीये, हे खरंच झालंय. सोलापूर जिल्ह्यातल्या या बार्शीत, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीने 1999 साली एक अभ्यास सुरू झाला. गावं होती शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आजचं धाराशिव. तिथे एकेका चिठ्ठीवर एक गाव नव्हतं, गावांचा एक गट होता, असे 52 गट. डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, कस्तुरी जयंत अशी इथली माणसं, आणि सोबत फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन. प्रश्न एकच होता. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडे बायकांना उशिरा कळतो, तर आयुष्यात एकदा जरी तपासणी केली तरी मरण टळतं का, आणि टळत असेल तर कुठल्या तपासणीने?

प्रश्नाची बांधणी बघा, कोणावर, काय केलं, कशाशी तुलना, आणि मोजलं काय. या मुलींना पहिल्या तासाला हे चारच प्रश्न दिलेत आणि माझं म्हणणं आहे की हे नर्सिंगला थांबू नयेत, दहावीलाच शिकवावेत, कारण फोनवर रोज येणारे आरोग्याचे मेसेज या चार प्रश्नांपुढे टिकतच नाहीत.

कोणावर? 30 ते 59 वयाच्या, लग्न झालेल्या, निरोगी बायका. ज्यांची पिशवी आधीच काढलेली होती त्या यादीत नाहीत. एकूण 1,31,746 बायका. हा आकडा शोधनिबंधात एका ओळीत येतो, पण त्याच्यामागे घरोघर फिरून केलेल्या याद्या आहेत, नाव, वय, गाव, आणि बाई शेतात गेली असेल तर पुन्हा त्या घरी जायचं. शिबिर लावून आपणहून येतील त्यांनाच मोजलं असतं तर काम किती सोपं होतं! पण आपणहून येणारी बाई आधीपासूनच तब्येतीकडे लक्ष देणारी असते, जिला घरून सोडत नाहीत ती येतच नाही, मग निकाल फक्त येणाऱ्यांचा लागतो आणि आपण तो सगळ्यांवर लावून मोकळे होतो.

(दृश्य: रजिस्टरची पानं, पेनाने भरलेले रकाने.)

आणि बार्शीला याद्यांची सवय होती. 1987 पासून इथे गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. खेड्यात माणूस कशाने गेला हे कागदावर येईलच असं नाही, ते जाऊन विचारावं लागतं. ज्या अभ्यासाचा निकाल मृत्यूवर ठरणार आहे, त्याला असं विचारत फिरणारी माणसं नसतील तर सगळंच वाया.

फॉलोअप आठ वर्षांचा. निकाल 2009 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

(दृश्य: फळा. मॅडम खडूने दोन आकडे लिहितात: 127 आणि 118.)

आता इथे थांबून बघा. एचपीव्ही टेस्टवाल्या गटात कॅन्सर सापडला 127 जणींना. काहीच तपासणी न केलेल्या गटात 118. वर्गातून लगेच उत्तर येतं, मग टेस्टचा उपयोग काय, उलट जास्तच निघाले! इतकंच वाचून बातमी केली तर ती खोटी नसेल, पण चुकीची असेल. मॅडम खाली दुसरी ओळ लिहितात. त्या 127 पैकी पुढच्या स्टेजला, म्हणजे दुसऱ्या किंवा त्यापुढच्या, पोचलेल्या 39. आणि त्या 118 पैकी 82. टेस्टमुळे कॅन्सर लवकर सापडला, म्हणून आकडा दिसायला मोठा. तिसरी ओळ मृत्यूंची, 34 आणि 64. एक मुलगी विचारते की दोन्ही गट सारखे होते का, आणि हा प्रश्न तिला सुचला याचा मला फार आनंद झाला, कारण नव्हते. पहिल्यात 34,126 बायका, दुसऱ्यात 31,488. भागाकार फळ्यावर होतो. हजारी साधारण एक, आणि हजारी साधारण दोन.

चौथ्या डब्यातल्या त्या 64 जणींवरून, तपासणी न देणं योग्य होतं का यावर, पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. 2021 ला जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही टेस्टच पहिली पसंती म्हणून सांगितली.

(दृश्य: बाटली, कापूस, ट्रे. नर्स हातमोजे घालते.)

राहिली ही व्हिनेगरची तपासणी. पातळ केलेलं अॅसिटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, खराब भाग पांढरा दिसतो. स्वस्त, लॅब नको, नर्सला शिकवता येते. धाराशिवच्या गावांत एकदाच केलेल्या या तपासणीने मृत्यूंत ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही, पॅप स्मिअरनेही नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तिथल्याच शिकलेल्या मुलींना ट्रेनिंग देऊन, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. एकच तपासणी आणि दोन निकाल, मग खरं कोण? मॅडम उत्तर देत नाहीत, त्या परत तेच चार प्रश्न फळ्यावर लिहितात, आणि दोन्ही शोधनिबंधांच्या झेरॉक्स वाटतात. मुली "काय केलं"च्या रकान्यापाशी अडतात, एकीकडे एक फेरी, दुसरीकडे चार.