मेणाचा कंडेन्सर आणि ढिले पेच

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पंधरा दिवसांपूर्वी वाचनालयाची पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, रेडिओवर बोलान का?" मला वाटलं, आकाशवाणीवर बोलायचं आमंत्रण घेऊन आले. म्हटलं, बाप्पा, आता या वयात आवाज बसला. मग उलगडा झाला की रेडिओवर म्हणजे रेडिओबद्दल. ते जमेल. १९७३ साली मी दारव्ह्याच्या एका दुकानात कामाला लागलो, तेव्हापासून दुसरं फारसं काही केलेलंच नाही.

टेबलावर हा सेट ठेवलाय तो याच गावातल्या एका घरचा. चाळीसेक वर्षं माळ्यावर होता. मागचा पुठ्ठा काढला तर आत उंदराचं घरटं. कशाचं? कापसाचं! यवतमाळ जिल्ह्यातला उंदीर, तो दुसरं काय आणणार. घरट्याखाली टपाल खात्याचं लायसन सापडलं, एक कोपरा कुरतडलेला. आज इथं बसलेल्या पोरांना खरं वाटणार नाही, पण रेडिओ ऐकायला लायसन लागायचं. वर्षाला १५ रुपये पोस्टात भरायचे, पुस्तकावर तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. आमच्या दुकानात एक म्हातारे यायचे, ते सेट दुरुस्तीला टाकला की विचारायचे, "जितके दिवस सेट तुमच्याकडं, तितक्या दिवसाचं लायसन तुम्ही भरान का जी?"

असो. घरात जुना रेडिओ सापडला की माणूस दोन गोष्टी करतो. फडक्यानं पुसतो आणि प्लगात घालतो. पुसा, खुशाल पुसा. प्लगात घालू नका. माझ्याकडे आलेल्या जुन्या सेटांपैकी कितीतरी माळ्यावर मेलेले नव्हते, ते माळ्यावरून उतरवल्यानंतरच्या पाच मिनिटांत मेले.

आत घडतं ते असं. विजेतली लहर काढून ती सपाट करायला मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात, ते ॲल्युमिनियमचे डबे. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि तोच थर वीज अडवतो. हा थर विजेवर जगतो. कंडेन्सर रोज वापरात असला तर थर टिकतो, वर्षानुवर्षं पडून राहिला तर विरतो, आतला ओलावाही सुकतो. अशा कंडेन्सरवर एकदम अडीचशे व्होल्ट सोडले तर तो गळतो, तापतो, कधी फुटतो. जाताना विजेला एकाच दिशेनं वाहायला लावणारा रेक्टिफायर व्हॉल्व नेतो आणि नशीब फारच वाईट असलं तर मेन ट्रान्सफॉर्मरही. व्हॉल्व एकवेळ मिळतो. त्या सेटाचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो, आणि ते काम नीट करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

म्हणून सिरीज बोर्ड. हा पाहा, लाकडाची फळी, एक होल्डर, एक सॉकेट. रेडिओ आणि साठ वॅटचा बल्ब एकामागे एक. बल्ब जुना तारेचा पाहिजे, एलईडी इथं कामाचा नाही. सेटात शॉर्ट असेल तर बल्ब भकभक पेटतो आणि पेटलेलाच राहतो, सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब आधी उजळतो, मग मंद होतो. फार मंद झाला तर समजायचं की सेट आता वीज बेतानं घेऊन राहिला. साठ रुपयाचं सामान, पण यानं वाचवलेले सेट मी मोजलेले नाहीत.

आता व्हॉल्वबद्दल. तो आतून लाल दिसतो, काचेचा असतो, म्हणून सगळा संशय त्याच्यावर. गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच सांगायचं, "व्हॉल्व गेला वाटते." व्हॉल्वमध्ये गंमत फार साधी आहे. आतली तार कॅथोडला तापवते, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या ॲनोडकडे धावतात. इथपर्यंत फ्लेमिंगनं १९०४ साली आणून ठेवलं. दोनच वर्षांनी ली द फॉरेस्टनं मध्ये एक जाळी घातली, तीच ग्रिड. पाटाचं पाणी वळवताना आपण काय करतो? एक फावडं माती इकडची तिकडं, आणि अख्खा पाट वळतो. ग्रिड म्हणजे ते फावडं. ग्रिडवर एवढासा व्होल्ट हलला की ॲनोडचा सगळा प्रवाह हलतो. स्पीकर त्याच्यावर वाजतो.

व्हॉल्व मेला की नाही ते ओळखायला आधी काच पाहा. वरच्या बाजूला चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढरा दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरली, विषय संपला. डाग चकचकीत आहे, तार पेटते, तर त्या बिचाऱ्यावर आळ घेण्याआधी बाकीचं तपासा. पिना घासून साफ करा. अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात.

खरा चोर वेगळाच आहे. तो दिसायला गरीब. मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर, करंगळीएवढा. याचं काम एवढंच की आधीच्या व्हॉल्वच्या ॲनोडवरचे शंभरेक व्होल्ट अडवायचे आणि फक्त आवाज पुढच्या व्हॉल्वच्या ग्रिडवर जाऊ द्यायचा. मेण आपल्या उन्हाळ्यात मऊ होतं, पावसाळ्यात कागद ओल धरतो, आणि पंचेचाळीस डिग्रीचे चाळीस उन्हाळे पाहिलेल्या कंडेन्सरकडून अपेक्षा तरी काय करायची? तो गळायला लागतो. गळती एवढीशी असते की साध्या मीटरवर तो निर्दोष सुटतो. समजा त्याचा रोध पन्नास मेगओहम उरलाय आणि ग्रिडचा रेझिस्टर एक मेगओहम आहे. शंभर व्होल्टपैकी जेमतेम दोन व्होल्ट ग्रिडवर येतील. दोन व्होल्ट म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. स्पीकर वाजवणाऱ्या ईएल८४ या आउटपुट व्हॉल्वला ग्रिड आणि कॅथोडमध्ये सात-साडेसात व्होल्टांचाच फरक लागतो, आणि तोही उलट्या बाजूचा. त्यात दोन सुलटे मिसळले की व्हॉल्व गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो. गळती वाढत गेली की ॲनोडचा पत्रा अंधारात लाल दिसायला लागतो.

हे मला दुकानात कोणी शिकवलं नाही, एका सेटानं शिकवलं. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. लाडखेडकडचे एक शेतकरी सेट घेऊन आले. आवाज फाटका, चिरका. मी पाहिलं, आउटपुट व्हॉल्व थकलेला. नवा घातला, आवाज खणखणीत. मी खूश, ते खूश. तीन आठवड्यांनी तोच सेट परत. नवा व्हॉल्व गेलेला, आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळालेला. उस्तादांनी सेट उलटा केला, वास घेतला आणि मला एवढंच विचारलं, "व्हॉल्व मेला की तुनं मारला?" त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून तो मेणाचा कंडेन्सर काढून घेतला, ब्लेडनं उभा चिरायला लावला. आतला कागद बोटाला ओला लागला. ट्रान्सफॉर्मरचे पैसे माझ्या पगारातून गेले, हे सांगायला नको.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. मेन ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर ईएल८४ उपसून घ्यायचा, सेट चालू करायचा आणि रिकाम्या सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनेवर मीटर लावायचा. तिथं शून्य पाहिजे. काटा जरासाही सुलट हलला तर कंडेन्सर चोर. त्याच्या जागी ६३० व्होल्टचा प्लास्टिक फिल्मचा नवा घालायचा, पाच-दहा रुपयांत काम होतं. ज्यांना जुनं रूप टिकवायचा शौक आहे ते मेणाचं नळकांडं पोखरून नवा त्याच्या पोटात बसवतात. मी कधी बसवतो, कधी कंटाळा करतो.

एसी-डीसी सेटाला मात्र ही युक्ती चालत नाही. त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळ्या व्हॉल्वच्या तारा दिवाळीच्या माळेसारख्या एकामागे एक. यूसीएच८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ८९ ला १९, यूसीएल८२ ला ५०, यूवाय८५ ला ३८, मिळून १२६. उरलेले शंभरेक व्होल्ट एक रेझिस्टर खातो आणि तो भाकरी भाजावी इतका तापतो. एक व्हॉल्व उपसला की सगळी माळ विझते. पण या सेटातला खरा धोका निराळा आहे. विजेची एक तार सरळ चासीला, म्हणजे सेटाच्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. दोन पिनेचा प्लग उलटा गेला की सगळी चासी जिवंत, आणि बटणाचा बारीक स्क्रू जरी उघडा असला तरी झटका. टेस्टर लावल्याशिवाय या सेटाला हात नाही. एक हात खिशात ठेवून काम करायची सवय मला उस्तादांनी छडी मारून लावली. बंद केलेल्या सेटातही कंडेन्सर व्होल्ट धरून बसतात. आधी रेझिस्टर लावून ते उतरवायचे.

पेचांची गोष्ट सांगतो आणि मग सेट चालू करतो. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. पुढं ते ५८५ किलोहर्ट्झवर ऐकू यायचं. तुम्ही काटा ५८५ वर नेला की सेटातला एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, स्वतः १०४० वर चालू होतो. दोन्हींची वजाबाकी ४५५. काटा दुसऱ्या स्टेशनवर नेला की ऑसिलेटरही तेवढाच सरकतो, वजाबाकी पुन्हा ४५५. म्हणजे सेटाला फक्त ४५५ नीट ऐकता आलं की सगळी दुनिया ऐकता येते. ही अक्कल अमेरिकेच्या आर्मस्ट्राँगची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. हे ४५५ चाळून घेणारे ॲल्युमिनियमचे चौकोनी डबे म्हणजे आयएफटी. त्यांच्या डोक्यावर बारीक पेच असतात. ते मुद्दाम अमुक एका जागी थांबवलेले असतात, घट्ट बसवलेले नसतात.

तर एक गृहस्थ सेट घेऊन आले. एकही स्टेशन लागत नव्हतं, नुसती सळसळ. विचारलं, कोणी उघडला होता का? म्हणाले, "नाही जी, कोणीच नाही. जावई आले होते, ते इंजिन दुरुस्तीचं काम करतात. त्यायनं पाहिलं, आतले पेच ढिले झाले होते, तेवढे आवळून देले." मी डोक्याला हात लावला. सगळे पेच तळाला टेकवलेले! सिग्नल जनरेटर लावून ते परत जागेवर आणायला दीड दिवस गेला. जावयाची चूक म्हणावी तरी कशी? मळणीयंत्रावर पेच ढिला दिसला की आवळायचाच असतो.

वीज नव्हती त्या गावांतले बॅटरीचे सेट हा वेगळाच प्रकार. त्यातल्या डीके९६, डीएफ९६ यांसारख्या व्हॉल्वची तार फक्त १.४ व्होल्टची आणि दुसरी बॅटरी ९० व्होल्टची. प्लग चुकला की चारही व्हॉल्व एकदम, फोटोवाल्याच्या फ्लॅशसारखे. पाहायला सुंदर, पण एकदाच. सुटे व्हॉल्व आणायला आम्ही अमरावतीला जायचो आणि येताना मूर्तिजापूरला शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीत बसायचो. जेवणाच्या डब्यात कापूस, कापसात व्हॉल्व, डबा मांडीवर. शकुंतला इतकी हळू चालायची की व्हॉल्वच्या तब्येतीला तीच गाडी बरी, असं उस्ताद म्हणायचे.

हल्ली काही लोक जुन्या सेटाचं पोट साफ करून ब्लूटूथची पट्टी बसवून देतात. बाहेरून रेडिओ, आतून मोबाइल. माझ्याकडेही मागणी येते. मी नाही म्हणत नाही, पण अट घालतो की काढलेलं सामान पिशवीत घालून घरी न्यायचं, भंगारात द्यायचं नाही. नातू कधीतरी विचारेल. आतापर्यंत दोन पिशव्या परत आल्या.

आता सेट लावतो. यात सहा मेणाचे कंडेन्सर बदलले, मोठा डबा बदलला, डायलचा दोरा उंदरानं खाल्ला होता तिथं मासे धरायचा दोरा घातला. व्हॉल्व? पाचही व्हॉल्व जुनेच, सगळे चांगले निघाले. बल्बकडे पाहा. उजळला... मंद झाला. आता थांबा. ट्रान्झिस्टरची सवय लागली म्हणून आपल्याला हा अर्धा मिनिट जड जातो.

बारीक घरघर येते ना? ती असू द्या. ही मोठी कडकड मात्र रेडिओची नाही, वरच्या एलईडी ट्यूबची आहे. तेवढी बंद कर बेटा. पाहा, गेली. आणि अंधारात हा हिरवा डोळा दिसला का, याला मॅजिक आय म्हणतात. स्टेशन नीट लागलं की त्याच्या पापण्या जवळ येतात. आता काटा हळूच... कोणी बाई बोलून राहिली. कोणतं स्टेशन ते मला विचारू नका. दिवे लागले की मीडियम वेव्हवर लांबलांबची येतात, तो काटा तुम्हीच फिरवा.

ज्यांचा सेट आहे त्यांना एक सांगणं. मागं व्होल्टेजचा टप्पा बदलायचा पट्टा आहे, तो मी वरच्या टप्प्यावर ठेवलाय. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू असल्या की आपल्याकडे व्होल्टेज पडतं, आवाज बारीक येईल. म्हणून पट्टा खाली सरकवू नका. रात्री मोटारी बंद झाल्या की तेच व्होल्टेज चढतं, आणि व्हॉल्वच्या तारा तेव्हाच जातात. आवाज बारीक आला तर खुर्ची जवळ ओढा.