कापून टाकलेली शिक्षा

[दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं पहिलं पान. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

१३ जानेवारी १९२८. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'चं हे पहिलं पान. फोटो हललेला आहे, पण विजेच्या खुर्चीला बांधलेली बाई स्पष्ट ओळखू येते. सिंग सिंग तुरुंगात मृत्युदंडाच्या वेळी कॅमेरा न्यायला बंदी होती. टॉम हॉवर्ड नावाच्या छायाचित्रकारानं तो घोट्याला बांधला, पँटखाली झाकला आणि ऐन क्षणी पाय पुढे सरकवून फोटो काढला.

बाईचं नाव रूथ स्नायडर. हॉलिवूडच्या 'डबल इंडेम्निटी' या चित्रपटाची मुळं तिच्या गुन्ह्यात आहेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी, एका मुलीची आई. नवरा अल्बर्ट बोटींविषयीच्या एका मासिकात कला-संपादक. रूथचं सूत जुळलं ते जड ग्रे या, बायकांचे कमर आवळणारे कॉर्सेट विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याशी. तोही लग्न झालेला. तिनं नवऱ्याला अंधारात ठेवून त्याचा विमा उतरवला, त्यात मृत्यू अपघाती ठरला तर दुप्पट रक्कम देणारं कलम होतं. मार्च १९२७ मध्ये दोघांनी अल्बर्टला त्याच्याच घरात ठार मारलं आणि दरोड्याचा देखावा केला. देखावा इतका गचाळ, की दरोडेखोरांनी नेले म्हणून सांगितलेले दागिने पोलिसांना घरातच गादीखाली मिळाले. मग दोघंही एकमेकांवर ढकलायला लागले. शिक्षा मात्र दोघांना एकाच रात्री झाली.

त्या काळात जेम्स केन न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करत होता. या खटल्यातून त्याला एक लघुकादंबरी सुचली. त्यानं घटना लॉस एंजेलिसला नेली आणि एक मोठा बदल केला: प्रियकराला विमा एजंट केलं. म्हणजे खोटे क्लेम कसे पकडले जातात, हे आतून माहीत असलेला माणूस. ही कथा 'लिबर्टी' साप्ताहिकात १९३६ मध्ये क्रमशः आली, पण त्याआधीच ती हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये फिरत होती. १९३५ मध्येच जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयानं लाल झेंडा दाखवला. हे कार्यालय म्हणजे चित्रपटसृष्टीनं स्वतःच स्वतःवर बसवलेला सेन्सॉर. व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, खुनाची रीत शिकवल्यासारखी दाखवायची नाही, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, अशी त्यांची नियमावली होती. आठ वर्षं कुणी या गोष्टीला हात लावला नाही.

[दृश्य: रात्रीचं लॉस एंजेलिस. चित्रपटाची सुरुवात.]

१९४३ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओच्या बिली वाइल्डरनं या गोष्टीला हात लावला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बर्लिन सोडून आलेला हा दिग्दर्शक. त्याचा नेहमीचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट या विषयापासून लांबच राहिला. मग रहस्यकथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलरला बोलावण्यात आलं. चँडलर पन्नाशी ओलांडलेला, आणि आयुष्यातली ही त्याची पहिलीच पटकथा. दोघांचं अजिबात पटलं नाही. वाइल्डर खोलीत टोपी घालून बसतो, हातातली छडी नाचवतो, मैत्रिणींचे फोन घेत राहतो, अशी लेखी तक्रार चँडलरनं स्टुडिओकडे केली. पण केनचे संवाद वाचायला छान असले तरी पडद्यावर पडतील, हे चँडलरनंच ओळखलं. नटांकडून ते मोठ्यानं वाचून घेतल्यावर वाइल्डरला ते पटलं. आज ज्या चटपटीत, एकमेकांना चिमटे काढणाऱ्या संवादांसाठी लोक हा चित्रपट पुन्हा पाहतात, ते बरेचसे या भांडणातून आलेत.

चित्रपट आला १९४४ मध्ये. नाव 'डबल इंडेम्निटी', तेच दुप्पट रकमेचं कलम.

पहिल्या काही मिनिटांत काय होतं पाहा. रात्र. एक जखमी माणूस आपल्या ऑफिसात येतो, डिक्टाफोन, म्हणजे बोलणं नोंदवणारं यंत्र, सुरू करतो आणि कबुली देतो: खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी. पैसाही मिळाला नाही, बाईही नाही. हा वॉल्टर नेफ, विमा एजंट. पुढे काय होणार ते कळून चुकलेलं असतं. सेन्सॉरला शिक्षा शेवटी हवी होती, वाइल्डरनं ती सुरुवातीलाच देऊन टाकली. त्यामुळे पुढचा जवळजवळ पावणेदोन तास आपण 'सुटेल का' हा प्रश्न विचारतच नाही. मला ही या चित्रपटातली सगळ्यात धूर्त चाल वाटते, कारण नियम अक्षरशः पाळून त्यानं नियमाची हवाच काढून घेतली.

[दृश्य: जिना. फिलिस खाली येते, पायातली साखळी.]

नेफ गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करायला एका घरी जातो. मालक घरी नाही, मालकीणबाई फिलिस डिट्रिकसन आहे. बार्बरा स्टॅनविकनं ती केलीय. डोक्यावरचा सोनेरी विग मुद्दाम खोटा दिसावा असा, पण चित्रण सुरू झाल्यावर वाइल्डरलाही तो जरा जास्तच वाटला म्हणतात. नेफ झालाय फ्रेड मॅकमरे, तोवर हलक्याफुलक्या विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा नट. जॉर्ज राफ्टनं भूमिका नाकारली होती. राफ्टचं नुकसान झालं, एवढंच म्हणता येईल. मॅकमरेचा तो शेजारच्या घरातल्यासारखा सरळ चेहराच इथे काम करून जातो.

बेत चोख आहे. नवऱ्याच्या नकळत अपघात विम्यावर त्याची सही घ्यायची. तो पाय मोडलेल्या अवस्थेत आगगाडीनं जाणार असतो. वाटेत गाडीतच, म्हणजे मोटारीत, त्याला संपवायचं. मग नेफनं कुबड्या घेऊन त्याच्या जागी आगगाडीत चढायचं, शेवटच्या डब्याच्या सज्जातून उतरायचं आणि प्रेत रुळांवर टाकायचं. प्रत्यक्ष खुनाच्या वेळी कॅमेरा खुनाकडे बघतच नाही. खून होतोय तो चौकटीबाहेर, आपल्याला दिसतो फक्त मोटार चालवणाऱ्या फिलिसचा चेहरा. नियमावलीला रक्त नको होतं. ठीक आहे, पण त्या चेहऱ्यावरचं ते बारीकसं समाधान बघून ब्रीनसाहेबांना काय वाटलं असेल कोण जाणे.

काम उरकल्यावर मोटार सुरू होत नाही. चावी फिरते, इंजिन नुसतं कण्हतं. आणि खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून आपण श्वास रोखतो. एवढ्यातच प्रेक्षक त्यांचा साथीदार झालेला असतो.

[दृश्य: विमा कंपनीचं ऑफिस. कीज टेबलाशी.]

मग येतो बार्टन कीज. क्लेम विभागाचा प्रमुख, नेफचा ज्येष्ठ सहकारी आणि मित्र. एडवर्ड जी. रॉबिन्सननं ही भूमिका अशी केलीय की प्रेमकथा मागे पडते. कंपनीचा साहेब म्हणतो, ही आत्महत्या आहे, पैसे द्यायचे नाहीत. कीज उसळतो. आत्महत्यांची आकडेवारी त्याला तोंडपाठ. विष घेऊन, त्यातही कोणतं विष, उंचावरून उडी मारून, वाहनाखाली झोकून देऊन, सगळे प्रकार तो धाडधाड म्हणून दाखवतो, आणि विचारतो: चालत्या गाडीच्या शेवटच्या डब्यावरून उडी टाकून जीव दिल्याची नोंद कुठे आहे? गाडीचा वेग तरी किती होता? खुनी नेफ बाजूला बसून हे ऐकतोय, आपला गुरू आपल्याच बाजूनं लढतोय हे बघत.

पण कीजच्या छातीत म्हणे एक छोटा माणूस राहतो. क्लेम खोटा असला की तो छोटा माणूस कीजला चैन पडू देत नाही. रात्री कीजला प्रश्न पडतो: पाय मोडल्यावर डिट्रिकसननं अपघात विम्याचा क्लेम का केला नाही? उत्तर सरळ आहे. आपला विमा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. एखाद्या खऱ्या क्लेम तपासनिसाला सुचावी अशी ही शंका आहे, सिनेमातल्या गुप्तहेराची नव्हे.

हे सांगायला तो नेफच्या फ्लॅटवर येतो, आणि फिलिसही नेमकी तेव्हाच तिथे येत असते. ती पॅसेजमध्ये उघड्या दाराआड लपते. फ्लॅटचं दार बाहेर कुठे उघडतं? वाइल्डरलाही चूक माहीत होती. प्रसंगासाठी त्यानं ती खुशाल केली.

कॅमेरामन जॉन सायट्झ. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांच्या सावल्या भिंतींवर आणि माणसांवर पडतात, जणू गजाआडच उभे आहेत. बंद घरातली साचलेली धूळ दिसावी म्हणून त्यानं हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली.

पुढे दोघांचा एकमेकांवरचा विश्वास उडतो, आणि गोळ्या झाडल्या जातात. त्याआधी नेफ गुपचूप कीजच्या खोलीत शिरून त्याच्या डिक्टाफोनवरची टिपणं ऐकतो. कीजनं वरिष्ठांना कळवलेलं असतं, की नेफवर संशय घेऊ नका, त्याची हमी माझी. माझ्या मते शिक्षा इथे होते, बंदुकीच्या कितीतरी आधी.

[दृश्य: चित्रपटातून वगळलेल्या प्रसंगाची स्थिरचित्रं.]

आणि तरीही वाइल्डरनं मूळ शेवट वेगळा चित्रित केला होता. कॅलिफोर्नियातल्या गॅस चेंबरची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. नेफ आत, कीज काचेबाहेर साक्षीदार म्हणून. खर्च सुमारे दीड लाख डॉलर. ब्रीन यांच्या कार्यालयालाही तपशील फार भीषण वाटत होते, पण वाइल्डरनं प्रसंग काढला तो त्याची गरज उरली नाही म्हणून. आधीच्या दृश्यात रक्तबंबाळ नेफ ऑफिसच्या दाराशी कोसळतो. इतका वेळ कीजची सिगार नेफच पेटवून द्यायचा, आता कीज त्याची सिगारेट पेटवतो. यानंतर चेंबरमध्ये गॅस सोडला तरी काय मिळणार होतं? रूथ स्नायडरचा शेवट एका वर्तमानपत्रानं चोरून दाखवला होता. वाइल्डरकडे तसाच शेवट तयार होता, पैसे भरलेला, आणि त्यानं तो दाखवला नाही.

चित्रपटाला ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. १९४६ मध्ये पॅरिसमध्ये युद्धकाळात न पोचलेले अमेरिकन चित्रपट एकदम आले, त्यात हाही होता. ते पाहून फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँकनं 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, हा शब्द वापरला.

नियमावली १९६८ मध्ये गेली. १९८१ च्या 'बॉडी हीट'मध्ये जवळपास हीच गोष्ट पुन्हा आली, फक्त तिथली बाई पैसे घेऊन परदेशी ऊन खायला जाते. आपल्याकडे २००३ च्या 'जिस्म'मागेही हीच वंशावळ. तिन्ही एका आठवड्यात लागोपाठ पाहा, 'डबल इंडेम्निटी' शेवटी ठेवा, आणि कीजच्या आकडेवारीच्या प्रसंगात बोलणाऱ्याकडे न बघता गप्प बसलेल्या नेफकडे लक्ष ठेवा.