विपाशेच्या उत्तरेकडील विहिरी

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो,

मंडळाच्या रविवारच्या शाळेत वर्णमाला फळ्यावर लिहिण्याआधी मी ती मुलांना तोंडात शोधायला लावतो. ‘क’ म्हणताना जीभ मागे टेकते, ‘च’ला टाळूवर येते, ‘त’ला दातांना भिडते आणि ‘प’ला ओठ मिटतात. परवा सहा वर्षांच्या एका मुलीने ‘प, फ, ब’ म्हणताना ओठांवर बोट ठेवले आणि ‘म’ आल्यावर, कुणी न सांगता, दुसरे बोट नाकाला लावले. वेदपाठाचे उच्चार बिघडू नयेत म्हणून प्रातिशाख्यकारांनी, म्हणजे वैदिक उच्चारांचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांच्या कर्त्यांनी, जे बारकावे नोंदवले, त्यांतलाच एक तिला आपणहून सापडला होता. ए, बी, सी या क्रमामागे उच्चाराचे असे कोणतेही तत्त्व नाही.

माणूस भाषेचा विचार बारकाईने करू लागतो तो बहुधा ती आईच्या मांडीवर आयती मिळेनाशी होते तेव्हा, असे मला वाटते. प्राचीन इराकातली सुमेरी भाषा लोकांच्या तोंडून गेली, पण पूजाअर्चेत आणि विद्येत टिकून राहिली. म्हणून इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात बॅबिलोनी लेखनिकांनी मातीच्या पाट्यांवर डावीकडे सुमेरी आणि उजवीकडे त्यांची स्वतःची अक्कादी अशी क्रियापदांची रूपे मांडली. एकट्या ‘जाणे’ या क्रियापदाची त्यांनी शेकडो रूपे लिहून ठेवली. अलेक्झांड्रियातील पंडितांना होमरचे जुने ग्रीक समजून घ्यायचे होते. तिथल्या परंपरेतील डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्या ग्रंथात शब्दांच्या आठ जाती आहेत, आणि थोड्याफार बदलांसह त्याच लॅटिन व इंग्रजीमार्गे आपल्या शालेय मराठी व्याकरणात आल्या. विभक्ती मात्र आपण संस्कृतातून घेतल्या. आठव्या शतकात बसऱ्यात अरबीचे पायाभूत व्याकरण रचणारा सीबवैही मूळचा इराणी होता, हेही मला फार बोलके वाटते.

पाणिनी मात्र या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. शालातुरच्या या वैयाकरणाने सुमारे ४,००० सूत्रांत वेदांच्या भाषेबरोबरच आपल्या काळच्या बोलत्या भाषेचेही नियम बांधले. ‘दूराद्धूते च’ हे त्याचे सूत्र घ्या : दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवतात. अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचणारी ती आरोळी त्याने शास्त्रात नोंदवली! आणखी एका सूत्रात तो विपाशा, म्हणजे आजच्या बियास नदीच्या उत्तरेकडील विहिरींच्या नावांचा नियम सांगतो. दत्ताने खोदलेली विहीर ती ‘दात्त’. पण उत्तरेकडे या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात येई, इतरत्र शेवटच्या. पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या टीकेचे कर्ते इथे थबकून म्हणतात, ‘महती सूक्ष्मेक्षिका वर्तते सूत्रकारस्य’, म्हणजे सूत्रकाराची नजर किती सूक्ष्म! एका नदीच्या दोन बाजूंना विहिरीचे नाव कसे उच्चारतात, हे ज्याने कान देऊन ऐकले, त्याला लोकांच्या बोलण्याविषयी किती आदर असेल.

हाच आदर पाणिनीच्या सूत्रांची चर्चा करणाऱ्या पतंजलींच्या महाभाष्यात दिसतो, ज्याचे मराठी भाषांतर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी करून ठेवले आहे. पतंजली म्हणतात, घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट कर’ असे सांगतो. शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी मात्र कुणी जात नाही.

आपल्या मुलांना इथे गल्ली नाही, पाणवठा नाही. त्यामुळे दर रविवारी त्यांना शब्दांसाठी वर्गात यावे लागते, आणि माझ्या एकट्याच्या मराठीवर त्यांचे भागत नाही. म्हणून येथील ज्येष्ठांना माझी विनंती आहे की, त्यांनी आळीपाळीने वर्गात यावे आणि आपल्या गावी आई दिवेलागणीला कशी हाक मारायची, ते मुलांना खड्या आवाजात ऐकवावे. कोकणातल्यांनी त्यांच्या ‘अगो’सकट आणि वऱ्हाडातल्यांनी त्यांच्या ‘वं’सकट. शेवटचा स्वर कुठवर लांबतो, ते मुले वहीत लिहून घेतील.