नाशिकला जळगावचा उन्हाळा उसना घेता येईल?

[दृश्य : गोदाघाट, मे महिन्यातली दुपार]

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे. दिवस तापला तरी रात्री वारं सुटेल, हा इथल्या माणसाचा भरवसा. पन्नास वर्षांनी इथं उन्हानं किती जण दगावतील, याचा अंदाज बांधताना हा भरवसाही गणितात घ्यावा लागतो.

सुरुवात आलेखापासून. रोजचं तापमान आणि रोजचे एकूण मृत्यू समोरासमोर मांडायचे. फक्त ‘उष्माघात’ लिहिलेले दाखले पुरत नाहीत. उन्हाच्या ताणानं गेलेल्या कित्येकांच्या दाखल्यावर हृदयविकार असतो. तारीख मृत्यूची घ्यायची, नोंदणीची नाही. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, तेवढ्यात उन्हाची लाट येऊन ओसरलेली असते. शिवाय नोंद होते ती मृत्यू झाला त्या ठिकाणी. निफाडचा शेतमजूर नाशिकच्या रुग्णालयात दगावला, तर आकडा नाशिक शहराचा वाढतो.

आलेखात एक उंबरठा दिसतो, त्याच्यापुढे मृत्यू चढत जातात. माणसं उन्हाला सरावतील, हे इथं धरायचं कसं? कोणी उंबरठा पुढे सरकवतं, कोणी चढ कमी करतं. केवळ हिशेबासाठी समजा, उंबरठा ३६ अंश, पुढच्या दर अंशाला ३ टक्के वाढ आणि दिवस ४३ अंशांचा. सराव धरला नाही तर मृत्यू २१ टक्क्यांनी वाढतात. उंबरठा २ अंश सरकवला तर १५. चढ एक दशांश कमी केला तर जवळपास १९. युरोपातल्या १४ शहरांसाठी अशा सहा पद्धती २०१७ मध्ये ताडून पाहिल्या गेल्या. पद्धत बदलल्यानं पडणारा फरक पुढच्या हवामानाचा अंदाज देणाऱ्या गणिती प्रारूपांमधल्या फरकापेक्षाही मोठा असू शकतो, असं त्यात दिसलं.

[दृश्य : पत्र्याचं छप्पर, खाली झोळीत झोपलेलं मूल]

आणखी एक वाट म्हणजे उद्याच्या तापलेल्या नाशिकला आजच तापणाऱ्या जळगावचा आलेख लावायचा. इथं फार जपून राहायला हवं. खानदेशातली जाड भिंतींची धाब्याची घरं आणि दुपारी कामं आवरती घेण्याची सवय पिढ्यांची आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या पत्र्याच्या शेडमधला कामगार स्वतःच्या मर्जीनं पाळी बदलू शकत नाही.

हा आलेख उसना घेणं ही एक चूक ठरू शकते, दुसरी दुहेरी मोजणीची. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. नंतरच्या आकड्यांवर बेतलेल्या आलेखात त्याचा जो काही फायदा झाला तो आलेलाच असतो. वरून पुन्हा चढ कमी केला, की तेच वाचलेले जीव दोनदा मोजले जातात.

म्हणून नाशिकसाठी एकच आकडा काढू नये. सराव न धरता एक रेघ, थोडा धरून दुसरी, बराच धरून तिसरी. आणि पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी आकडे मिळतील तिथे आलेखच वेगळा.